कर कोण भरतं?

लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये २०२४ च्या ऑगस्टपासून बायकांच्या खात्यात येऊ लागले, तेव्हापासून वर्ध्यातल्या आमच्या वस्तीत शेजाऱ्यांचा एक वाद चालू आहे. एक काकाजी म्हणतात, "टॅक्स आम्ही भरायचा, अन् वाटायचा ह्या बायांना!" दुसरे सरकारची बाजू घेऊन भांडतात. बाया कर भरत नाहीत, यावर मात्र दोघांचं एकमत. आणि तिथे बसलेल्या बायाही ते ऐकून घेतात, याचं मला अधिक वाईट वाटतं.

मैत्रिणींनो, आयकर थोडेच लोक भरतात. वस्तू व सेवा कर मात्र कापूस वेचणारी मजूर बाईही भरते. अंगाच्या साबणावर जुलै २०१७ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के कर होता, मग तो ५ टक्के झाला. छापील किमतीत तो धरलेलाच असतो, म्हणून दिसत नाही. बंगलेवाला आणि मजूर, दोघांना दर एकच.

सॅनिटरी पॅडवरही १२ टक्के कर होता. देशभर बायका बोलल्या, तेव्हा जुलै २०१८ मध्ये तो गेला. अर्थकारण आपल्याला कळतं, बोललं तर बदलतंही.

१५०० रुपये ही भीक नव्हे. पण तेवढ्यावर हिशेब मिटत नाही. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, तरी शेतात बाईची मजुरी पुरुषाहून कमीच. गटाच्या पुढच्या बैठकीत आधी हा हिशेब मांडू या.