एका तारखेचे दोन वाढदिवस

फेब्रुवारी सरत आला की दिल्लीची थंडी काढता पाय घेते, रस्त्याकडेचे कडुनिंब पाने गाळू लागतात आणि कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात भाषेच्या उत्सवाची लगबग सुरू होते. २७ फेब्रुवारी १९१२ हा कवी कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणून हाच मराठीचाही दिवस. त्यांच्या नावाने दरवर्षी आपण मराठीचा ताळेबंद मांडतो. समई उजळतो, ग्रंथांना फुले वाहतो आणि पुढची पिढी मराठी बोलेल ना, ही काळजी रिवाजाप्रमाणे बोलून दाखवतो. ज्या पिढीची आपण काळजी वाहतो, ती मात्र आज दुसऱ्याच एका वाढदिवसात रमलेली असते. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या व्हिडिओ खेळमालिकेचे पहिले दोन खेळ, एक लाल आणि एक हिरवा, विक्रीला आले. त्याला २०२६ मध्ये तीस वर्षे झाली.

या तारखेला नव्या खेळांची घोषणा करण्याची प्रथाच पडली आहे. २०२४ साली याच दिवशी ‘लेजेंड्स : झेड-ए’ची वर्दी आली, २०२५ साली ‘चॅम्पियन्स’ची. ‘लेजेंड्स’ ऑक्टोबर २०२५ मध्ये हाती आला, ‘चॅम्पियन्स’ २०२६ मध्ये यायचा ठरला आणि त्याआधी, ५ मार्च २०२६ रोजी, ‘पोकोपिया’ आला. आपण दिवाळी अंकांची वाट पाहत आलो, त्याच उत्कंठेने मुले या तारखा मोजतात. या उत्कंठेकडे परकीय म्हणून पाठ फिरवण्याआधी तिचा उगम पाहायला हवा.

हा खेळ ज्यांना सुचला ते सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदा गावात किडे गोळा करीत. पुढे तिथली तळी बुजली, रानाच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. हरवलेला तो शोधाचा आनंद शहरातल्या मुलांना परत मिळावा, या ओढीतून सहा वर्षांच्या खटपटीनंतर पहिला खेळ जन्मला. मृगाच्या पहिल्या सरीनंतर लाल मखमली किडा तळहातावर घेऊन फिरलेल्या, चतुरामागे माळ तुडवलेल्या आपल्या लोकांना ही ओढ अनोळखी वाटू नये.

कल्पित प्राणी गोळा करायच्या त्या खेळाची खरी गंमत त्याच्या अपुरेपणात होती. लाल खेळात जे प्राणी सापडत त्यांतले काही हिरव्यात नव्हते आणि हिरव्यातले काही लालमध्ये नव्हते. संग्रह पुरा करायचा तर दुसऱ्या मुलाकडे जावे लागे, दोन यंत्रे तारेने जोडावी लागत आणि आपले काही देऊन त्याचे काही घ्यावे लागे. जवळ आहे ते कवटाळून बसणाऱ्याचा संग्रह कायम अर्धाच राहायचा. हे वाचताना मराठीच्या दिवशी आपण थोडे थबकायला हवे, कारण भाषाही अशाच देवघेवीवर जगते.

कस्तुरबा गांधी मार्ग, एकेकाळचा कर्झन रोड, हा तर भाषांच्या देवघेवीचाच रस्ता आहे. इथे ब्रिटिश कौन्सिल आहे, अमेरिकन सेंटर आहे, जर्मन शिकवणारे मॅक्सम्युलर भवन आहे, संस्कृतीचा वारसा सांगणारे भारतीय विद्या भवन आहे. सयाजीराव गायकवाडांसाठी लुटियन्सने रचलेले बडोदा हाउसही इथेच आहे. आज तिथून उत्तर रेल्वेचा कारभार चालतो. ज्या राजाने १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्याची खूण या रस्त्यावर असावी, हे आपले भाग्यच. जपानचे सांस्कृतिक केंद्र इथे नाही, ते लाजपतनगरला आहे. तरीही दिल्लीतल्या मराठी घरांत जपान शिरला तो मुलांच्या हातातल्या खेळातून, कोणतीही इमारत न बांधता. जी भाषा मुलांच्या खेळात शिरते ती व्याकरणाच्या तासाची वाट पाहत नाही.

त्या खेळात आपण मात्र अजून नाही. त्याच्या कल्पित प्रदेशांना फ्रान्स, ब्रिटन, स्पेन यांचे रूप मिळाले. सह्याद्रीची पाळी आलेली नाही. चिनी वाचकांना स्वतःच्या लिपीतला मुख्य खेळ २०१६ साली, म्हणजे वीस वर्षांनी मिळाला. मोबाइलवरचा ‘पोकेमॉन गो’ २०२३ साली हिंदीत आला, पण मोठ्या खेळांत अद्याप हिंदीही नाही, मग मराठीची काय कथा! मराठीच्या अभिजात दर्जाचा आनंद आपण ऑक्टोबर २०२४ मध्ये साजरा केला, फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोऱ्यात साहित्य संमेलन भरवले, जेएनयूत कुसुमाग्रजांच्या नावाचे अध्यासनही सुरू झाले. हे सारे मोलाचे आहे, पण ते मोठ्यांचे आहे. दहा वर्षांच्या मुलाला आपल्या आवडीचे जग सांगायला मराठी अपुरी वाटली, तर या मानसन्मानांचा वारस कोण?

‘पोकोपिया’त माणसे निघून गेलेल्या उजाड भूमीवर एक रूपपालटू जीव माणसाचा आकार घेऊन राहतो. कुणाकडून पाणी शिंपायला, कुणाकडून गवत रुजवायला शिकत तो ती भूमी पुन्हा राहती करतो आणि जागा योग्य झाली की प्राणी आपणहून येतात. भाषेबाबत आपले कर्तव्यही याहून निराळे नाही. मुलाला मराठीकडे ओढण्याआधी त्याला मराठीत राहायला जागा करून द्यावी. आज सदनात काव्यवाचनाशेजारी तासभर मुलांसाठी ठेवावा. त्यांनी आपला खेळ आजी-आजोबांना मराठीत समजावून सांगावा, अडेल तिथे मोठ्यांनी शब्द पुरवावा आणि त्या बदल्यात त्यांच्या जगातले चार शब्द शिकून घ्यावेत. पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेपासून परदेशातल्या मंडळांपर्यंत कुणालाही हे करता येईल. त्याला निधी नको, ठराव नको. भाषेचे पांग भाषणांनी फिटत नाहीत, ते रोजच्या देण्याघेण्यातून फिटतात. त्यातला घेण्याचा भाग आपण मोठ्यांनी आजवर टाळला आहे; या वर्षी सुरुवात तिथूनच करू या.