एक जूनची खोटी खात्री

सदलगा, निपाणी, चिकोडीकडच्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या शाळेच्या दाखल्यांवर १ जून ही जन्मतारीख किती वेळा आढळते, हे इथल्या कुणाला सांगायला नको. शाळा जूनमध्ये भरायची, पोराचं वय नियमात बसवायचं असायचं आणि जन्माची नोंद बहुधा नसायची. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदाच १९६९ चा. गुरुजींचा नाइलाज होता. आज प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा तसा नाही, तरी तीच चूक आपण संगणकात नव्याने पक्की करतो आहोत, हे मला गंभीर वाटतं.

समजा, एखाद्या आजींना एवढंच ठाऊक आहे की आपला जन्म गांधीजी गेले त्या साली, ज्येष्ठातला. ही माहिती मुळीच कच्ची नाही. १९४८ चा ज्येष्ठ ८ जूनच्या सुमारास लागला आणि ६ जुलैच्या आसपास संपला. म्हणजे दाखल्यावरचा १ जून वैशाखात पडतो, तो चुकीचाच. पण पायथॉनच्या तारखेला नुसतं १९४८ हे साल चालत नाही, महिना आणि दिवस दिल्याशिवाय ती तयारच होत नाही. वेबवरच्या अर्जातला तारखेचा रकानाही तसाच हटून बसतो. मग भरणारा १ जानेवारी टाकून मोकळा होतो. आजींना जे नक्की माहीत होतं ते पुसलं जातं, आणि पुसल्याची खूणही मागे राहत नाही.

यावर उपाय आहेत. जावामध्ये २०१४ पासून नुसतं वर्ष किंवा वर्ष-महिना ठेवण्याची सोय आहे. आधारच्या नोंदीतही केवळ जन्मवर्ष चालतं, शिवाय तारीख पडताळलेली, सांगितलेली की अंदाजे, हेही नोंदवता येतं.

पूर्ण तारखेवाचून पेन्शनचा हिशेब कसा करायचा, असं कुणी विचारेल. महाराष्ट्राच्या नागरी सेवा नियमांत त्याचं उत्तर आहे: फक्त वर्ष माहीत असेल तर १ जुलै धरा, महिनाही माहीत असेल तर १६ तारीख. हे हिशेबापुरतं उघडपणे धरलेलं गृहीतक झालं. प्रोग्रामनेही ते हिशेबातच ठेवावं, मूळ नोंदीत घालू नये. लबाडी वाढेल, ही भीतीही मला पटत नाही. लबाडीला आडोसा मिळतो तो पक्क्या दिसणाऱ्या तारखेचा. ‘अंदाजे’ असं लिहिलेली तारीख निदान तपासली तरी जाते. सीमाभागात तर १९५६ पूर्वीचे कागद मुंबई राज्याचे, नंतरचे म्हैसूर राज्याचे, म्हणजे आजच्या कर्नाटकाचे. दोन कागदांवर दोन तारखा निघाल्या की संशय माणसावर येतो. त्यातली एक तारीख अंदाजाची आहे एवढं नोंदीत असतं, तर त्या म्हाताऱ्या माणसाला प्रतिज्ञापत्रासाठी बेळगावची खेप पडली नसती.