सेल्फ फिरतो, गाडी चालू होत नाही

सहरीनंतर अम्मींना दवाखान्यात न्यायला जिंतूरहून परभणीला निघालो. सेल्फ जोरात फिरे, पण गाडी चालू होईना. आम्ही चावी मारतच राहिलो आणि बॅटरीही उतरवून बसलो. अखेर शेजाऱ्यांची गाडी घ्यावी लागली.

मिस्त्रींनी नंतर समजावले: सेल्फ जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी ठीक आहे, दोष पेट्रोलमध्ये किंवा ठिणगीत शोधा. चावी ऑन करताच बहुतेक पेट्रोल गाड्यांत मागच्या सीटकडून पंपाचा दोन-तीन सेकंद घूं आवाज येतो. तो नसेल तर आधी फ्यूज पाहा. आमचा तोच उडाला होता! मीटरवर चावीचे चिन्ह लुकलुकत असेल तर दुसरी चावी लावून पाहा. पेट्रोलचा वास आला तर थोडे थांबा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका.

तवक्कुल अल्लाहवरच, पण घरात आजारी माणूस असेल, तर गाडी रात्रीच एकदा चालू करून पाहा.