नाटक राजाने जगवले नाही

दर वर्षी ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन जवळ आला की आमच्या भागात एक ठरलेले भाषण ऐकू येते. सांगलीत ते चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांपासून सुरू होते, कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांपासून. शेवट मात्र दोन्हीकडे सारखाच. पूर्वी राजाश्रय होता म्हणून नाटक बहरले, आता राजे गेले, तेव्हा सरकारने तरी हात सैल सोडावा. जयसिंगपूर या दोन शहरांच्या मधल्या रेल्वेमार्गावर वसलेले, त्यामुळे हे भाषण आमच्या वाट्याला दोन्ही बाजूंनी येते. ते खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. ते अर्धे आहे, आणि या अर्ध्या सत्याने आज मराठी नाटकाचे पुरे नुकसान चालवले आहे.

आधी त्यातले खरे ते मान्य करू. कानडी मुलखातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली. तसा खेळ आपल्या भाषेत आणि अधिक नेटका व्हावा असे अप्पासाहेबांच्या मनात आले. त्यांनी विष्णुदास भाव्यांना सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. राजाने सांगितले नसते, दरबाराने खर्च केला नसता, तर तो खेळ त्या साली सांगलीत झाला नसता. याबद्दल अप्पासाहेबांचे ऋण मराठी माणसाने कधी नाकारू नये. इथपर्यंत वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या वाक्याबद्दल. १८५१ मध्ये अप्पासाहेब वारले आणि तो आधार सुटला. राजाश्रयावरच नाटक जगते असे असते, तर मराठी नाटक आठ वर्षांचे होऊन तिथेच संपायला हवे होते. झाले उलटेच. विष्णुदास मंडळी घेऊन मुलुखावर निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून त्यांनी प्रयोग केले. नाना जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी माणसे पाठीशी उभी राहिली हे खरे; पण दाराशी पैसे मोजून आत जाणारा माणूस ना सरदार होता ना संस्थानिक. त्याच वर्षी नोव्हेंबरात विष्णुदासांनी ‘गोपीचंद’ हा खेळ हिंदुस्थानी भाषेत केला. असा खेळ कोणी दरबारासाठी करत नाही. मुंबईतला मराठी न समजणारा माणूसही तिकीट काढून येईल, हे ज्याने ओळखले त्याचे ते काम आहे. सांगलीत राजाची मर्जी राखणारे नाटक मुंबईत आल्यावर अनोळखी माणसासमोर उभे राहायला शिकले. मराठी रंगभूमीचा खरा जन्म मी तिथे मानतो.

इथे दुसरा आक्षेप येतो, तो शहाण्यासुरत्या माणसांकडून. तिकीट, थिएटर, खुर्च्यांच्या रांगा ही सगळी साहेबाची नक्कल. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत लंडनमध्ये जे चालले त्याचीच मुंबईत उतरलेली ही गरीब आवृत्ती, असे ते म्हणतात. त्यांनी लंडनचा इतिहास जरा नीट पाहावा. बोलके गद्य नाटक करण्याचा हक्क तिथे राजाच्या सनदेने ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या मोजक्या थिएटरांच्या हाती होता. बाकीच्यांनी गाणी, नाच, मूकनाट्य अशी सोंगे काढून वेळ मारून न्यायची. हा मक्ता कायद्याने मोडला तो १८४३ मध्ये. ज्या साली सांगलीत राजाने नाटकाला हात दिला, त्याच साली लंडनमध्ये राजसनदेच्या मक्त्यातून नाटक मोकळे झाले. मग दाराशी नाणे देणाऱ्या कारकून, दुकानदार, कारागीर यांच्या जिवावर तिथली थिएटरे वाढली. सेन्सॉर तिथे १९६८ पर्यंत टिकला, ती गोष्ट वेगळी.

आणि मुंबईतल्या साहेबाची नाटकशाळा कशी चालली होती? बाँबे ग्रीनवरचे त्यांचे जुने थिएटर कर्जात बुडाले आणि १८३५ मध्ये विकावे लागले. पुढे नाना शंकरशेटांनी जागा दिली तेव्हा १८४६ मध्ये ग्रँट रोडला नवे थिएटर उभे राहिले. तेही गोऱ्या प्रेक्षकांच्या बळावर तगणारे नव्हतेच. ते भरले मराठी, गुजराती, पारशी, हिंदुस्थानी खेळांनी. ज्यांचा धंदा आपल्या प्रेक्षकांनी सावरला, त्यांची आपण नक्कल केली असे म्हणणे म्हणजे हिशेबाची वही उलटी धरून वाचणे आहे.

शिवाय रंगमंचावर जे दिसत होते त्यात साहेबाचे काय होते? एक पडदा, बाजूला झांज-मृदंगवाले. सूत्रधार पद्य म्हणणार, झाडपाला गुंडाळलेला विदूषक त्याच्याशी हुज्जत घालणार, सोंडेचा गणपती येणार, मोरावर बसून नाचत सरस्वती येणार. मग राक्षस. मशालीवर राळ उडाली की जाळाचा लोळ उठायचा, त्यातून आरोळी ठोकत राक्षस उडी घ्यायचा आणि पुढे बसलेली पोरे मागच्यांच्या मांडीवर पडायची. पात्रांचे बोलणे लिहिलेले नसे. सूत्रधाराने पद्यात सांगितलेला प्रसंग नटाने आयत्या वेळी आपल्या बोलीत रंगवायचा. तिकिटाची पद्धत बाहेरून आली असेल. खेळ आपला होता आणि पैसेही आपलेच होते.

पुढची साखळी पाहा. अण्णासाहेब किर्लोस्कर रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीतले नोकरदार. पुण्यात पारशी मंडळीचा संगीत खेळ पाहून त्यांना चेव आला आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव थिएटरात ‘शाकुंतल’ उभे राहिले. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. कुठल्या दरबाराचे हे फर्मान होते? एका प्रेक्षकाने तिकीट काढून नाटक पाहिले आणि त्यातून मराठी संगीत नाटक निघाले, इतकी सरळ ही गोष्ट आहे. त्याआधीच्या नाटक मंडळ्यांची नावे तर आमच्या एसटीच्या पाट्यांसारखी वाचता येतात. सांगलीकर, इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर. वि. ज. कीर्तन्यांचे १८६१ चे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे गद्य नाटक रंगमंचावर आणण्यात इचलकरंजीकर मंडळीचे नाव घ्यावे लागते. बैलगाडीत पेट्या आणि पडदे घालून ही माणसे गावोगाव हिंडली. पुढे १८९१ मध्ये कोल्हापूरची रेल्वे झाली आणि मिरज-कोल्हापूर हा टप्पा काही तासांवर आला. ज्या रुळांवरून माल गेला, त्याच रुळांवरून नाटक मंडळ्या फिरल्या.

फक्त नाटकाचेच कौतुक करून मी थांबणार नाही, कारण राजाश्रयवाल्यांच्या इतिहासात तमाशा आणि सर्कस यांना जागाच नसते. तासगावजवळच्या सावळजच्या उमा-बाबूंचा ‘मोहना बटाव’ हा तमाशाचा वग १८६५ च्या सुमाराचा. तमाशाला पेशवाईत दरबार मिळाला होता. पेशवाई बुडाली, तमाशा बुडाला नाही. जत्रेतल्या माणसाने तो सांभाळला. आणि सर्कशीबद्दल तर आमच्या शिरोळ तालुक्याने मान ताठ ठेवून बोलावे. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे याच तालुक्यातल्या कुरुंदवाडच्या संस्थानात घोडे फिरवण्याचे काम करत. कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली, ती पाहून आपणही हे करू या जिद्दीने त्यांनी १८८० मध्ये स्वतःची सर्कस काढली. सुरुवातीला कुरुंदवाडकरांचे बळ होते, हे मी लपवत नाही. पण गावोगाव तंबू ठोकायचा, जनावरे पोसायची, कसरतपटूंचे पगार भागवायचे, हा रोजचा खर्च तंबूच्या दारातल्या तिकिटावर चालायचा. त्याच सर्कशीच्या आधाराने रहमत खाँसारखा अलौकिक गवई सांभाळला गेला, आणि १९२२ मध्ये त्याने देह ठेवला तो कुरुंदवाडलाच. सर्कशीच्या तिकिटावर ख्याल जगला, हे आपल्या पोरांना कोणत्या शाळेत शिकवतात?

तिसरा आक्षेप जुनाच आहे आणि आजही बाजारपेठेच्या गावात तो दबक्या आवाजात चालतो: नाटक हे रिकामपणाचे चाळे, पोरे बिघडतात, पैसा जातो. त्याला उत्तर हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ मध्ये ‘शारदा’ लिहून दिले. म्हातारा भुजंगनाथ, पैशाला लाचावलेला कांचनभट आणि विकली जाणारी पोर. हे पाहून बाहेर पडलेल्या बापाला आपल्या घरातल्या मुलीकडे बघताना काही वाटलेच नसेल, असे म्हणण्याची माझी तयारी नाही. आमच्या बाजूचे काही लोक इथे एक चुकीची गोष्ट सांगतात, तीही खोडून काढतो. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात ते या नाटकावरून नव्हे, ते विधेयक आणणाऱ्या हरबिलास सारडांवरून. देवलांचे मोठेपण अशा उसन्या दाखल्यावर उभे करण्याची गरज नाही.

नाटक नुसती करमणूक असती तर इंग्रज सरकारने १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर कायदा का केला असता? सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये आले. कीचकात लोकांनी लॉर्ड कर्झन ओळखला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. राजाश्रयाचे गोडवे गाणाऱ्यांनी या एका नाटकाचा विचार करावा. रेसिडेंट आणि पोलिटिकल एजंट यांच्या नजरेखाली राज्य करणारा कोणता संस्थानिक ‘कीचकवध’ आपल्या खर्चाने करवून घेऊ शकला असता? त्याची इच्छा असती तरी त्याची गादी धोक्यात आली असती. तो धोका तिकीट काढून बसलेल्या हजारो अनामिकांनी वाटून घेतला. खिशातले पैसे मोजणारा प्रेक्षक नाटकाला जे स्वातंत्र्य देतो, ते कोणताही दाता देऊ शकत नाही, मग तो दाता राजा असो वा मंत्रालय.

त्या काळाची आरती ओवाळायचीही माझी इच्छा नाही. बाईला रंगमंचावर जागा नव्हती; तिची भूमिका पुरुषाने करायची. कुलीन स्त्रियांची बसण्याची सोय निराळी, आणि ती ‘कुलीन’ कोण हे ठरवणारे पुरुषच. तिकिटाचा दर माणसाची जागा ठरवी आणि त्याआधी जात ठरवी. यातले काही परत आणायचे नाही. परत आणायची ती एकच सवय: नाटक बघायचे तर पैसे देऊन बघायचे.

शाहू महाराजांचे नाव घेऊन माझ्यावर कोणी धावून येण्याआधी सांगतो. महाराजांनी नाटकाला काय दिले ते बारकाईने पाहा. त्यांनी कोल्हापुरात १९१५ मध्ये पॅलेस थिएटर बांधून पुरे केले, तेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. म्हणजे महाराजांनी छप्पर दिले. ते रात्रीमागून रात्र भरण्याचे काम लोकांवर सोपवले. केशवराव भोसल्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी १९०८ मध्ये काढली ती हुबळीत, आणि ती चालवली गावोगावच्या प्रेक्षकांच्या जिवावर. १९२१ मध्ये केशवराव आणि बालगंधर्व यांनी मिळून संयुक्त ‘मानापमान’ केला, तेव्हा तिकिटांचा पैसा टिळक स्वराज्य फंडाला गेला. नाटकाने देशाला देणगी दिली, मागितली नाही. आमच्या जयसिंगपुराचेही तसेच आहे. १९१७ मध्ये महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावाने हे गाव वसवले, रुंद सरळ रस्ते आखले, गल्ल्यांना आकडे दिले. पण त्या गल्ल्या भरल्या त्या व्यापारी, अडते, हमाल, तंबाखू आणि शेंगा घेऊन आलेले शेतकरी यांनी. आखणी राजाची, बाजार लोकांचा.

आता आजचे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सगळा जिल्हा हळहळला आणि ती हळहळ खरी होती. मग निधी किती, कोण देणार, कधी देणार याची चर्चा सुरू झाली. तीही हवीच, कारण इमारत सार्वजनिक आहे आणि ती बांधणे सरकारचे कर्तव्यच आहे. पण त्या गर्दीत एक प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही. आपल्यापैकी किती जणांनी आगीआधीच्या वर्षात तिथे तिकीट काढून नाटक पाहिले होते?

आपल्या पट्ट्यातल्या कुठल्याही दौऱ्याच्या प्रयोगाला जा. पुढच्या रांगा राखीव. तिथे पासवाले बसणार. काही येणारच नाहीत, काही पहिला अंक निम्मा झाल्यावर मोबाइलच्या उजेडात खुर्ची शोधणार आणि मध्यंतरानंतर निघून जाणार. ज्याने रांगेत उभे राहून पैसे मोजले तो बाराव्या रांगेतून माना चुकवत बघतो. नट समोर पाहतो तेव्हा त्याला रिकाम्या खुर्च्या दिसतात. त्याच नाटकाचा ट्रक, सेट, दिवे, नाट्यगृहाचे भाडे, वीस-पंचवीस माणसांचे जेवण-मुक्काम हे सारे तिकीटबारीवर भागवायचे असते. फुकट पास हा मान नाही. ती दुसऱ्याच्या मजुरीवर मारलेली सूट आहे, आणि ती मागणारी माणसे बहुधा तिकीट सहज परवडणारीच असतात.

हे जयसिंगपुरात बसून लिहिण्याला कारण आहे. दर हंगामाआधी इथे ऊस परिषद भरते. हजारो शेतकरी पदरच्या खर्चाने येतात आणि उसाला दाम मागतात. घामाला दाम मिळालाच पाहिजे, ही गोष्ट या गावाला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. मग तीन तास घाम गाळणाऱ्या नटाला, पेटीवाल्याला, पडदे ओढणाऱ्या पोराला दाम देताना आपला हात आखडतो का? उसाचा दर पाडून मागणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते आठवा आणि मग पास मागायला फोन उचला.

व्यापाऱ्यांना, डॉक्टरांना, शिक्षकांना, साखर कारखान्यांच्या संचालकांना आणि माझ्यासारख्या लिहिणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. पुढचे नाटक सांगलीत लागो, मिरजेत, इचलकरंजीत, कोल्हापुरात किंवा आपल्या गावात; पास आला तर तो आभार मानून परत करा. तिकीटबारीवर जा, प्लॅनवर जागा बघा, घरातल्या सगळ्यांची तिकिटे काढा आणि पडदा वर जाण्याआधी जागेवर बसा.