एका रेघेचा भरवसा
2020मध्ये कोरोनाच्या पहिल्या लाटेत जळगावचे स्वॅब सुरुवातीला धुळ्याच्या हिरे वैद्यकीय महाविद्यालयात जात. अहवाल येईपर्यंत घरादाराचा जीव टांगणीला. अर्ध्या तासात निकाल देणारी अँटिजेन चाचणी आली, तेव्हा हायसे वाटणे साहजिकच होते. पण 14 जून 2020 रोजी तिला मान्यता देतानाच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) स्पष्ट सांगितले होते: बाधितांना हेरण्याची क्षमता 50.6 ते 84 टक्के. पॉझिटिव्ह आली तर खरी माना. निगेटिव्ह येऊनही ताप-खोकला असेल, तर आरटी-पीसीआर कराच. नाकात विषाणू कमी असला की पट्टीवर बाधा दाखवणारी दुसरी रेघ उमटतच नाही. आता अशा चाचणीची किट मेडिकलवर मिळतात. घरात म्हातारी माणसे असतील आणि अंगात कणकण असेल, तर निगेटिव्ह पट्टीच्या भरवशावर त्यांच्याजवळ बसू नका, ही कळकळीची विनंती.