एका म्यानात दोन ताड

म्हणींनी आपलं फार नुकसान केलं आहे. 'एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत' ही त्यांतलीच एक. तिच्या जोरावर भावाभावांच्या वाटण्या झाल्या, नाटक कंपन्या फुटल्या, आणि आता आमचा भाचा तीच म्हण बास्केटबॉलला लावतो. जुन्या वळणाचे दोन सेंटर एकाच वेळी मैदानात उतरवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं त्याचं मत. अमेरिकेतल्या एनबीएचे सामने आपल्याकडे भल्या पहाटे दिसतात. त्यामुळे आमच्याकडे हा वाद दूधवाला येण्याआधीच पेटलेला असतो.

सेंटर म्हटलं की ज्यांना झेरॉक्स सेंटर आठवतं, त्यांच्यासाठी सांगतो. सेंटर म्हणजे पाचांतला सहसा सर्वांत उंच गडी. बास्केटकडे पाठ करून उभं राहायचं, चेंडू घ्यायचा, वळायचं आणि आत घालायचा, चुकलेले चेंडू गोळा करायचे, समोरच्यांचे अडवायचे. दुरून नेम धरणं हा त्याचा धंदा नव्हे. भाच्याचा हिशेब सोपा आहे. जवळून बास्केट केलं तर दोन गुण, कमानीबाहेरून केलं तर तीन. (ही तीन गुणांची रेषा एनबीएने १९७९-८० च्या मोसमापासून आखली.) दोन धिप्पाड गडी आत उभे राहिले की त्यांचे दोन राखणदारही तिथेच येतात. झाले चार खांब! बाकीच्यांनी शिरायचं कुठून? "मामा, लोकलच्या दारात दोघं जण सुटकेस घेऊन उभे राहिले तर काय होईल?"

अहो, पण मामा लोकलच्या दारात उभा राहूनच म्हातारा झालाय! बास्केटसमोरचा तो रंगवलेला पट्टा १६ फूट रुंद, आणि चढाई करणाऱ्या गड्याला तिथे सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळता येत नाही. म्हणजे एकट्या सेंटरलाही तिथे बिऱ्हाड थाटता येत नाहीच. मग एक निघाला की दुसऱ्याने शिरावं. बाहेर निघालेल्याने फ्री थ्रोच्या रेषेपाशी उभं राहून आतल्याला वरच्यावर चेंडू द्यावा आणि साडेसहा फुटी बुटक्यांनी तो माना वर करून पाहावा.

हे मी मनचं सांगत नाही. ह्यूस्टन रॉकेट्सने १९८३ साली सात फूट चार इंचांचा राल्फ सॅम्पसन घेतला आणि १९८४ साली सात फुटी हकीम ओलाजुवॉन. लोक त्यांना 'जुळे मनोरे' म्हणू लागले. १९८६ साली या मनोऱ्यांनी आदल्या वर्षीच्या विजेत्या लॉस एंजेलिस लेकर्सना ४-१ असं घरी बसवलं. शेवटच्या सामन्यात जेमतेम सेकंदभर उरला असताना सॅम्पसनने हवेतच गिरकी घेऊन बास्केट केलं. भाच्याने शोधून काढलं, की त्या क्षणी ओलाजुवॉन मैदानात नव्हताच. मारामारीपायी त्याला आधीच बाहेर काढलं होतं. असेल! त्याआधीचे लागोपाठ तीन सामने जिंकले, ते काय त्याने बाहेर बसून? अंतिम फेरीत ते बॉस्टनकडून हरले, पुढे सॅम्पसनचे गुडघे गेले आणि १९८७ च्या डिसेंबरात त्याला दुसऱ्या संघाकडे धाडलं. माझ्या मते तो संसार मोडला गुडघ्यांनी, उंचीने नव्हे.

न्यूयॉर्कचं उदाहरण मात्र भाच्याच्या बाजूचं. पॅट्रिक यूइंग आणि बिल कार्टराइट, दोघांनाही आतली एकच जागा हवी. १९८८ साली कार्टराइटला शिकागोला पाठवलं, आणि तिथे १९९१ पासून त्याने लागोपाठ तीन विजेतेपदं पाहिली.

पण सॅन अँटोनियोचं काय? डेव्हिड रॉबिन्सन म्हणजे १९९५ चा सर्वोत्तम खेळाडू. १९९७ साली टिम डंकन आला, वयाने दहा वर्षांहून लहान. आपल्याकडे थोरला भाऊ आरामखुर्ची सोडत नाही. याने आतली जागा पोराला दिली आणि स्वतः फ्री थ्रोच्या रेषेकडे सरकला. त्याची सामन्यामागची सरासरी १९९७-९८ मधल्या २१.६ गुणांवरून पुढच्या मोसमात १५.८ वर आली, आणि त्याच मोसमात, १९९९ साली, संघ विजेता झाला. २००३ साली पुन्हा. "डंकन कागदावर फॉरवर्ड होता," इति भाचा. कागदावर आमच्या गॅलरीलासुद्धा बेडरूम म्हटलेलं आहे!

"हे सगळं जुनं झालं." बरं, नवं घ्या. २०२५ च्या प्लेऑफमध्ये त्याच ह्यूस्टनने स्टीव्हन ॲडम्स आणि आल्परेन शेनगुन यांना एकत्र उतरवलं. दोघेही दुरून नेम धरणाऱ्यांतले नव्हेत. चुकलेला चेंडू मात्र यांच्या तावडीतून सुटेना. तीन गुणांचा धर्म जगाला शिकवणाऱ्या गोल्डन स्टेटची सात सामने दमछाक झाली. त्यांनी ॲडम्सला मुद्दाम फाउल करून फ्री थ्रोच्या रेषेवर पाठवायचा उद्योगसुद्धा केला, म्हणजे फ्री थ्रो चुकवील आणि कोच त्याला बाहेर घेईल. निरुपयोगी माणसाला घालवायला इतकी धडपड कोण करतं? सातवा सामना ह्यूस्टन हरलं, हे भाच्याने मला तीनदा सांगून झालंय.

माझा राग निराळाच आहे. या हिशेबापायी आता उंच पोरांनाही कमानीबाहेर उभं करून नेम धरायला लावतात. खांद्याने रेटत आत जायचं, एकीकडे हूल द्यायची आणि दुसरीकडे वळायचं, ही विद्या शिकायची कोणी आणि कुठे?

राहता राहिला प्रश्न, लांबच्या नेमबाजांमागे या ताडांना पळवायचं कसं. पळवू नये! ह्यूस्टनने माणसामागे माणूस न लावता जागा वाटून दिल्या आणि या दोघांना आतच ठेवलं. शिवाय सगळा वेळ मागतंय कोण? सामना ४८ मिनिटांचा. त्यांतली १५ मला द्या. उरलेल्या ३३ मिनिटांत भाच्याने हवं तर पाचही गडी कमानीबाहेर उभे करावेत.