‘कोर्टात जा’ हे उत्तर नव्हे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. तरीही शहाण्यासुरत्या माणसांवर ती पायरी चढण्याची वेळ येते. पंचवीस-तीस वर्षे ज्या संस्थेत खर्डेघाशी केली किंवा फळा-खडू झिजवला, तिच्याचविरुद्ध वेतनवाढीसाठी, सेवाज्येष्ठतेसाठी किंवा निवृत्तिवेतनासाठी दावा लावावा लागतो, तेव्हा त्या घरावर काय गुदरते, हे सोलापूरला वेगळे सांगायला नको. गिरण्या बंद पडल्यावर थकलेल्या देण्यांची वाट पाहत म्हातारी झालेली माणसे या शहराने पाहिली आहेत.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. तोवर तारखेसाठी सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागे. आता ती दगदग कमी झाली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण न्यायालय जवळ आले म्हणून संस्थांची जबाबदारी हलकी होते काय? विशेषतः विद्यापीठाची?

आपले विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले. त्याआधी जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ, हे त्याचे वैशिष्ट्य. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. दारी आलेल्या फिर्यादीची स्वतः दखल घेणारी राज्यकर्ती म्हणून अहिल्यादेवींची ख्याती आहे. नावाबरोबर ही रीतही उचलायला हवी.

कायद्याने वाट आखून दिलेली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती अशा प्रकरणांत कर्मचाऱ्याला न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. न्यायाधिकरणाच्या कक्षेत न येणाऱ्या तक्रारींसाठी विद्यापीठात तक्रार निवारण समिती असते. विद्यापीठातल्याच नव्हे, तर संलग्न खासगी महाविद्यालयांतल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांनाही तिच्याकडे दाद मागता येते. ही समिती आपला अहवाल व्यवस्थापन परिषदेपुढे ठेवते आणि परिषदेचा निर्णय अंतिम मानला जातो. त्यापुढे उरते ते उच्च न्यायालय.

म्हणजे व्यवस्थापन परिषद ही एका अर्थी घरातली शेवटची पंचायत आहे. तिचे अध्यक्ष कुलगुरू आणि सचिव कुलसचिव. ज्या कचेरीतून कर्मचाऱ्याला नकाराचे पत्र जाते, त्याच कचेरीतून परिषदेची विषयपत्रिकाही निघते. यात कोणाच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. पण अशा रचनेत परिषदेच्या इतर सदस्यांनी फाईल स्वतः उघडून वाचणे किती गरजेचे आहे, हे उघड आहे. ‘हवे तर कोर्टात जावे’ असे म्हणून विषय संपवणे सर्वांत सोपे. त्यात कोणावर ठपका येत नाही, लेखापरीक्षणाचा आक्षेप येत नाही.

मात्र त्याची किंमत असते. विद्यापीठाचा वकील विद्यापीठाच्या निधीतून उभा राहतो. त्या निधीत विद्यार्थ्यांनी भरलेले परीक्षा शुल्कही असते. कर्मचाऱ्याचा वकील मात्र भविष्यनिर्वाह निधीतून किंवा बायकोच्या दागिन्यांतून उभा राहतो. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नेमक्या या विषमतेवर बोट ठेवले. तो खटला शाळेचा होता, पण तत्त्व सर्वांना लागू आहे. बेकायदा काढलेल्या कर्मचाऱ्याला सामान्यतः मागील पगारासह परत घ्यावे, आणि खटला लांबला म्हणून त्याचा भुर्दंड त्याच्यावर टाकू नये, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणजे टाळाटाळ केलेली वर्षे अखेर संस्थेच्याच खात्यावर चढतात.

परिषदेची बाजूही ऐकली पाहिजे. मागेल त्याला सार्वजनिक पैसा देता येत नाही. खोटे दावेही असतात. शिवाय पगाराच्या अनुदानाची किल्ली शासनाकडे. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या आश्वासित प्रगती योजनेचे उदाहरण घ्या. बढतीची जागा नसेल तर ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी, ही ती योजना. तिच्याविषयीचे शासन निर्णय २०१८ च्या अखेरीस शासनानेच रद्द केले. ते पुन्हा लागू करावेत, या मागणीसाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यभरातील विद्यापीठांच्या कर्मचाऱ्यांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. हा तिढा एकट्या परिषदेला सोडवता आला नसता.

तरीही परिषदेच्या हातात बरेच काही आहे. जादा दिलेल्या पगाराच्या वसुलीचेच पाहा. चूक कार्यालयाची असेल, तर तृतीय व चतुर्थ श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांकडून किंवा निवृत्तांकडून वसुली करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले. एवढे झाल्यावरही प्रत्येक शिपायाने आणि कारकुनाने स्वतंत्र याचिका करून तेच पुन्हा सिद्ध करावे काय? कायदा ठरलेला असेल तिथे परिषदेने आपणहून ठराव करावा. निवृत्त आणि निवृत्तीला टेकलेल्यांचे अर्ज आधी घ्यावेत. नकार द्यायचाच तर तो कारणांसह आणि वेळेत द्यावा. शासनाकडे अडले असेल तर तसे लेखी कळवावे. आणि वर्षातून एकदा अधिसभेपुढे हिशेब ठेवावा: किती दावे चालू, किती हरलो, वकिलांवर किती खर्च झाला. अर्थसंकल्प अधिसभेपुढे जातोच. त्यात या चार ओळींची भर पडली तर बिघडले कुठे?

दावा लावणारा माणूस हा विद्यापीठाचा शत्रू नसतो. त्याने आपल्या मुलांच्या गुणपत्रिका लिहिल्या, वर्ग घेतले, परीक्षेच्या दिवसांत रात्री जागवल्या. आपल्या घरातला कोणी ना कोणी अशा नोकरीत असतो. म्हणून अधिसभेची निवडणूक येईल तेव्हा पदवीधर मतदारांनी उमेदवाराला एवढे जरूर विचारावे, की परिषदेत गेल्यावर तुम्ही या फाईली वाचणार की नुसते हात वर करणार?